घरपट्टी, जकात आणि अनुदान

नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाची खर्चाची बाजू सर्वांना ठाऊक असते. कोणत्या प्रभागात नाली झाली, कोणत्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, कोणाच्या दारासमोरचा दिवा लागला आणि कोणाचा विझलेलाच राहिला, यावर सभागृहात खडाजंगी होते आणि चहाच्या हॉटेलांत निकालही दिले जातात. जमेची बाजू मात्र मुख्याधिकारी, लेखापाल आणि लेखापरीक्षक यांच्याखेरीज सहसा कोणी वाचीत नाही. वास्तविक पाहता, एखाद्या गावाच्या कारभाराचे खरे स्वरूप त्याच्या खर्चापेक्षा त्याच्या जमेतच अधिक स्पष्टपणे उमटलेले असते. कारण पैसा ज्याच्याकडून येतो त्याच्याकडेच कारभाऱ्याची दृष्टी लागून राहते, आणि ज्याने तो दिला त्यालाच हिशेब देण्याची निकड कारभाऱ्याला वाटते. मध्यवर्ती सरकार, राज्य शासन आणि नगरपरिषद या तीन तिजोऱ्यांचा परस्परांशी काय व्यवहार चालतो हे समजून घेण्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या महानगरांचा दाखला फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यांचे उत्पन्न मोठे आणि त्यांचे प्रश्नही वेगळे. त्यासाठी मध्यम आकाराचे, शेतीच्या बाजारपेठेवर जगणारे एखादे तालुक्याचे गावच घ्यावयास हवे, आणि असे गाव म्हणून देगलूरइतके बोधप्रद उदाहरण मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

सरहद्दीचे गाव

देगलूर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. अकोल्याकडून नांदेडमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ या गावाजवळून जातो. पूर्वेस तेलंगण आणि दक्षिणेस कर्नाटक अशी दोन राज्ये हाकेच्या अंतरावर असल्यामुळे येथील बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा कानी पडतात. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन निजामाची सत्ता संपुष्टात येईपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि त्यानंतरही आठ वर्षे तो हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला खरा, पण तो अखंड आला नाही. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट त्या वेळच्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे आले, आणि बिदर, औराद, भालकी ही गावे म्हैसूर राज्यात गेली.

या विभागणीचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जमिनी आणि इमारती यांवरील कर हा राज्यसूचीतील ४९ व्या क्रमांकाचा विषय आहे. नगरपालिकांसाठी स्वतंत्र अशी करांची सूची संविधानात कोठेही नाही. राज्याच्या विधिमंडळाने जो कर बसविण्याची मुभा दिली असेल तेवढाच कर नगरपालिकेने बसवावा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून राज्याची सरहद्द सरकली की घरपट्टीचा कायदा बदलतो. हैदराबाद राज्याने आपल्या अस्तित्वाच्या अखेरच्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, जिल्हा नगरपालिकांसाठी एक अधिनियम केला. राज्य तीन ठिकाणी वाटले गेले आणि तो अधिनियमही तिन्ही वारसांकडे वाटणीला गेला. पुढे एका दशकाच्या आत तिघांनीही आपापले नवे कायदे केले: म्हैसूरने १९६४ साली, आंध्र प्रदेशाने १९६५ साली, आणि महाराष्ट्रानेही १९६५ सालीच. महाराष्ट्राचा हा अधिनियम १९६७ च्या जूनमध्ये अमलात आला आणि मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड व हैदराबाद यांचे निरनिराळे नगरपालिका कायदे रद्द होऊन साऱ्या महाराष्ट्रातील नगरपालिकांना एकच संहिता लागू झाली.

आज परिणाम असा दिसतो की, एके काळी एकाच जिल्ह्यात नांदलेल्या देगलूर आणि भैंसा या गावांतील घरमालकांना दोन अगदी भिन्न पद्धतींनी कर द्यावा लागतो. तेलंगणाच्या २०१९ च्या नगरपालिका अधिनियमान्वये मालक स्वतःच आपल्या घराची माहिती भरून कर ठरवितो, आणि ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या जागेवरील लहान घराला वर्षाकाठी केवळ १०० रुपये कर पडतो. कर्नाटकातही शतकाच्या आरंभापासून स्वयंआकारणी रूढ झाली असून तेथे कराचा पाया मालमत्तेचे भांडवली मूल्य हा आहे. देगलूरला मात्र घराला वर्षभरात किती भाडे येऊ शकेल या अंदाजावर आधारलेली जुनी पद्धत अद्याप परिचयाची आहे.

आकारणी, हरकत आणि वसुली

ही जुनी पद्धत थोडक्यात अशी. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते ठरवावयाचे, त्यातून डागडुजीसाठी दहा टक्के वजा करावयाचे, आणि उरलेल्या रकमेवर, जिला करयोग्य मूल्य म्हणतात तिच्यावर, ठरावीक टक्केवारीने कर आकारावयाचा. हिशेबाच्या सोयीसाठी असे समजू की एखाद्या घराचे मासिक भाडे २,००० रुपये धरले गेले. वर्षाचे भाडे २४,००० रुपये. दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य २१,६०० रुपये. आणि दर वीस टक्के मानला तर कर ४,३२० रुपये. यात सामान्य कर, दिवाबत्तीचा कर, सफाईचा कर असे पोटभाग असतात आणि त्यांच्या बेरजेलाच कायद्यात एकत्रित मालमत्ता कर असे नाव आहे. गावात मात्र त्याला घरपट्टीच म्हणतात.

आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करावी असा दंडक आहे, आणि तिला चतुर्थ वार्षिक कर आकारणी असे भारदस्त नाव आहे. मोजणी होते, यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, सुनावण्या होतात, आणि त्यावरही समाधान न झाल्यास अपिलाची सोय असते. कागदावर ही व्यवस्था न्याय्य आहे. प्रत्यक्षात तिच्यात दोन व्यंगे राहून जातात. पहिले असे की, फेरआकारणी म्हणजे करवाढ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसलेले असल्यामुळे निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलण्याचा मोह प्रत्येक पक्षाच्या नगरसेवकाला होतो. परिणामी जुन्या वाड्याचा कर आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या तीनमजली दुकानसंकुलाचा कर यांत असावयास हवे तेवढे अंतर पडत नाही. दुसरे व्यंग वसुलीचे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आकारण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, सावकारी व्याजाला लाजविणारा हा दर. पण शास्ती जितकी फुगत जाते तितका थकबाकीदार अधिक निगरगट्ट होतो, कारण मूळ रक्कम देण्याची तयारी असलेला मनुष्यही शास्तीसह आकडा पाहून परत फिरतो आणि शासन कधी तरी माफी जाहीर करील या भरवशावर राहतो. २०२५ साली राज्य शासनाने नगरपरिषदांसाठी अशी अभय योजना आणलीही. जो नेमाने कर भरतो त्याला या माफीचा काडीमात्र लाभ नसतो, आणि त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो त्याला समाधानकारक उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही.

मार्च महिना आला की वसुली पथके निघतात. नोटिसा, तगादे, नळजोडणी तोडण्याची ताकीद, क्वचित जप्तीचे अधिपत्रही निघते. याखेरीज पैसा आपण होऊन चालत येण्याचा एक प्रसंग म्हणजे नगरपरिषदेची निवडणूक होय. नोटीस मिळूनही परिषदेचे देणे न देणारा इसम सदस्यत्वास अपात्र ठरतो, असा १९६५ च्या अधिनियमाचा नियम असल्यामुळे, थकबाकी नसल्याचा दाखला मिळविण्यासाठी इच्छुक उमेदवारांची कर विभागाच्या खिडकीशी रीघ लागते. लोकशाहीचा हा लाभ अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून सहसा नमूद केलेला आढळत नाही.

एका पावतीतील अनेक भागीदार

घरपट्टीची मागणी-पावती नीट निरखून पाहिली तर तिच्यात नगरपरिषदेखेरीज आणखी एक भागीदार दडलेला दिसतो. १९६२ च्या एका राज्य अधिनियमान्वये शहरी भागातील जमिनी-इमारतींवर शिक्षण कर बसविण्यात आला. पुढे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला कायम स्वरूपाचा निधी हवा होता, आणि तो उभा करण्यासाठी बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर लावला गेला. याच हेतूने राज्य शासनाने १९७५ साली व्यवसाय करही आपल्याकडे घेतला. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे दोन्ही नगरपरिषदेने घरपट्टीबरोबर वसूल करावयाचे आणि राज्याच्या तिजोरीत भरावयाचे असतात. म्हणजे देगलूरच्या पेठेतील कापडाच्या दुकानदाराने भरलेल्या पैशांपैकी काही अंश खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी राज्याच्या कोषात जातो. हेतू उदात्तच होता. तथापि पावती हाती पडलेल्या दुकानदाराला हा सारा पैसा नगरपरिषदेनेच घेतला असे वाटते, आणि त्या मानाने नालीची दशा पाहून तो नगरपरिषदेलाच बोल लावतो.

उलट दिशेनेही काही वाटे येतात. नगरपरिषद हद्दीतील स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री झाली की मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार घेतला जातो. तो नोंदणी कार्यालयात जमा होतो आणि मागाहून शासनामार्फत परिषदेला मिळतो. गावात प्लॉट पडले, घरे विकली गेली, की परिषदेलाही त्याचा अंश मिळावा, हे तत्त्व योग्यच आहे. अडचण एवढीच की पैसा आधी राज्याकडे जातो आणि परत येण्याचा काल राज्याच्या सोयीने ठरतो.

तिसरा भागीदार मात्र पावतीवर कोठेच दिसत नाही, आणि तो म्हणजे मध्यवर्ती सरकार. संविधानाच्या अनुच्छेद २८५ अन्वये संघराज्याच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा त्याच्या अधिकाराने बसविलेला कर लागू होत नाही. डाकघराची इमारत केंद्राच्या मालकीची असेल तर तिच्या दारासमोरचा रस्ता झाडला जातो, तिचा कचरा उचलला जातो, पण घरपट्टी द्यावी लागत नाही. या तिढ्यावर राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात २००९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे असा तोडगा निघाला की, केंद्राने कर नव्हे पण सेवाशुल्क द्यावे. आणि परिषदेच्या सेवा ज्या प्रमाणात घेतल्या जात असतील त्या मानाने ते मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा ३३ १/३ टक्के असावे.

जकातीचे गेलेले राज्य

नगरपालिकांच्या स्वाभिमानाचा खरा आधार पूर्वी घरपट्टी नव्हताच. तो जकात होता. निजामी अमदानीत संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे खाते मालावर महसूल घेई आणि शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी वेगळा काढला जाई, म्हणजे स्थानिक कामासाठी वेगळा पैसा असावा ही कल्पना या प्रदेशाला अपरिचित नव्हती. पुढे नगरपालिकांच्या हाती जी जकात आली ती गावात येणाऱ्या मालावर नाक्यावरच रोख वसूल होई. ती रोजच्या रोज येई. तिला आकारणीची यादी, हरकत, सुनावणी यांचे लचांड नव्हते. आणि बाजार वाढला की तीही वाढे. ट्रक अडत, व्यापारी वैतागत, नाक्यावर चिरीमिरीचे प्रकार होत, हे सारे खरे. अर्थशास्त्रज्ञांनी तिची निंदा केली तीही सकारण होती. अखेर १ ऑगस्ट १९९९ पासून महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात बंद झाली, आणि महानगरपालिकांची जकात व तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर हेही पुढे क्रमाने गेले. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आल्यावर तर या विषयावर पडदाच पडला.

जकात गेल्यावर भरपाईदाखल राज्य शासन नगरपरिषदांना सहायक अनुदान देऊ लागले. रकमेच्या दृष्टीने हे अनुदान लहान नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार बव्हंशी तेच वाहते. पण जकात आणि अनुदान यांच्यातील गुणात्मक अंतर ध्यानात घेतले पाहिजे. जकातीची वाढ गावच्या व्यापारावर अवलंबून होती. अनुदानाची वाढ शासननिर्णयावर अवलंबून असते. जकात नाक्यावर मिळत असे. अनुदान मंत्रालय, नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशा पायऱ्या उतरत येते, आणि कोणत्याही पायरीवर ते थांबले की गावात पगार लांबतो. महामार्गावरून रोज कितीही माल गेला, बाजारात कितीही उलाढाल झाली, तरी तिच्यामुळे देगलूरच्या परिषदेच्या तिजोरीत थेट एक पैसाही पडत नाही.

दिल्लीहून येणारा प्रवाह

मध्यवर्ती सरकारने नगरपालिकांना पैसा द्यावा ही गोष्ट संविधानाच्या मूळ आराखड्यात नव्हती. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने ब्रिटिश हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला. १९१९ च्या सुधारणांनंतर काही कर स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवण्यात आले, पण १९३५ च्या कायद्यात ते राखीवपण नाहीसे झाले. निजामाच्या मुलखात यांपैकी काहीच थेट लागू नव्हते. स्वातंत्र्यानंतर जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने ते राखीवपण पुन्हा आणण्याची शिफारस केली. १९६३ साली रफीक झकेरिया यांच्या अध्यक्षतेखालील मंत्र्यांच्या समितीने शहरांच्या उत्पन्नवाढीचा ऊहापोह करून दरडोई सेवांचा किमान खर्च किती असावा याचे मापदंडही सुचविले. झकेरिया हे महाराष्ट्राचे मंत्री, आणि औरंगाबाद ही त्यांची राजकीय कर्मभूमी. त्यामुळे मराठवाड्यातील दरिद्री नगरपालिकांचे चित्र त्यांच्या समोरचेच होते. शिफारशी पुष्कळ झाल्या. हाती पडले थोडे.

खरा पालट १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने झाला. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने राज्याराज्यांत दर पाच वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या राज्य वित्त आयोगावर नगरपालिकांच्या आर्थिक स्थितीचाही आढावा घेण्याचे बंधन घातले, आणि अनुच्छेद २८० मध्ये भर घालून केंद्रीय वित्त आयोगावरही अशी जबाबदारी टाकली की, नगरपालिकांच्या साधनसामग्रीला पूरक ठरावे म्हणून राज्यांच्या निधीत कशी भर घालता येईल तेही त्याने सुचवावे. या तरतुदीचा पहिला अंमल दहाव्या वित्त आयोगाने केला आणि देशातील साऱ्या नागरी संस्थांसाठी पाच वर्षांचे मिळून १,००० कोटी रुपये सुचविले. पुढचा चढता आलेख बोलका आहे: अकराव्याने २,००० कोटी, बाराव्याने ५,००० कोटी, तेराव्याने २३,१११ कोटी, चौदाव्याने ८७,१४४ कोटी, आणि न. कि. सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्याने २०२१ ते २०२६ या काळासाठी १,२१,०५५ कोटी.

या शेवटच्या रकमेपैकी ८२,८५९ कोटी रुपये दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठी होते, आणि देगलूर याच वर्गात येते. राज्याराज्यांतील वाटपाला ९० टक्के भार लोकसंख्येचा आणि १० टक्के क्षेत्रफळाचा धरला गेला. गावाच्या हाती येणाऱ्या रकमेचे पुन्हा भाग पाडले गेले: ४० टक्के मोकळी, म्हणजे वेतन वगळता स्थानिक गरजेप्रमाणे खर्चावयाची, ३० टक्के पिण्याचे पाणी व जलसंधारण यांसाठी, आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचरा यांसाठी. दिल्लीहून रक्कम आल्यावर दहा कामकाजी दिवसांत ती राज्याने स्थानिक संस्थांना पोहोचवावी, विलंब झाल्यास व्याज द्यावे, असाही दंडक घातला गेला. ज्याअर्थी असा दंडक घालावा लागला त्याअर्थी वाटेत पैसा रेंगाळण्याचा अनुभव आयोगाला पुरेसा आला असावा.

वित्त आयोगाखेरीज दुसरा प्रवाह योजनांचा. त्यात उंबरठ्यांचे महत्त्व फार. २०१५ साली अमृत योजना आली ती मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या ५०० शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत उदगीरची लोकसंख्या एक लाखाच्या किंचित वर गेली होती, म्हणून उदगीर आत आले. देगलूर ५० हजारांच्या थोडे वर, म्हणून ते बाहेर राहिले. दोन्ही गावांच्या पाण्याची तहान एकाच जातीची, पण जनगणनेतील आकड्याने एकाला निधी दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ही चूक सुधारली. सर्व वैधानिक शहरे पात्र ठरली आणि एक लाखाखालील शहरांच्या प्रकल्पांत केंद्राचा हिस्सा निम्मा ठरला.

अट

या साऱ्या इतिहासात नवीन आणि विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती पंधराव्या आयोगाने घातलेल्या अटीची. लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे संगणकावर प्रसिद्ध करणे ही पहिली अट. आणि २०२२-२३ पासून, राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित केला पाहिजे आणि त्यानंतर नगरपरिषदेची घरपट्टी-वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या गेल्या पाच वर्षांतील सरासरी वाढीच्या मानाने वाढली पाहिजे, ही दुसरी. म्हणजे देगलूरच्या गल्लीतील एखाद्या घराची पट्टी थकली तर तिचा परिणाम दिल्लीहून येणाऱ्या अनुदानावरही होऊ शके. ज्या करावर मध्यवर्ती सरकारला काडीचाही अधिकार नाही, आणि ज्यातून त्याच्या स्वतःच्या इमारती मुक्त आहेत, त्याच कराच्या वाढीवर त्याने आपले अनुदान टांगून ठेवले.

या अटीचे समर्थन करता येते. भारतात मालमत्ता कराचे एकूण उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२ टक्क्याच्या आसपास घोटाळत राहिले आहे, आणि जे गाव स्वतःच्या श्रीमंतांकडून कर घेत नाही त्याने दुसऱ्यांच्या करातून मदत मागावी हे अनुचित होय. पण तिचे दोष तितकेच उघड आहेत. राज्याचे उत्पन्न वाढते ते मुंबई-पुण्याच्या कारखान्यांनी, कार्यालयांनी आणि बंदरांनी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू तालुक्याच्या बाजारपेठेने त्या गतीने धावावे ही अपेक्षा, पावसाने ओढ दिलेल्या वर्षी तर, क्रूरच ठरते. शिवाय फेरआकारणीचे अंतिम अधिकार, उपकरांचे दर, माफीच्या योजना हे सारे राज्याच्या हाती आणि वसुलीची शिक्षा मात्र नगरपरिषदेला, असा हा विषम न्याय आहे.

इंग्लंडचा अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे. तेथे व्यापारी इमारतींवरचा कर १९९० साली मध्यवर्ती सरकारने एकसारख्या दराने आपल्याकडे घेतला आणि लोकसंख्येच्या मानाने तो कौन्सिलांना वाटून देऊ लागले. त्यामुळे गरीब गावांना न्याय मिळाला, पण आपल्या हद्दीत दुकान उघडले काय अन् बंद पडले काय, कौन्सिलला त्याचे सोयरसुतक उरले नाही. म्हणून २०१३ च्या एप्रिलपासून या कराच्या वाढीचा निम्मा भाग स्थानिक पातळीवरच ठेवण्याची मुभा देण्यात आली, आणि ज्यांचे उत्पन्न गरजेहून अधिक त्यांच्याकडून घेऊन ज्यांचे कमी त्यांना देण्याची एक जोड-व्यवस्थाही ठेवण्यात आली. समानता आणि उत्तेजन या दोहोंचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे घरपट्टीचे उत्पन्न स्थानिकच राहते. त्यातून राज्य उपकर घेते आणि केंद्र अट घालते. वाटणीचे सूत्र कोठेही एकत्र लिहिलेले नाही.

यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? अनुदाने बंद व्हावीत आणि प्रत्येक गावाने आपल्या पायावर उभे राहावे, असे म्हणणे देगलूरच्या बाबतीत अन्यायाचे होईल. शतकानुशतके उपेक्षित राहिलेल्या, आणि राज्यपुनर्रचनेत स्वतःच्या तालुक्याची मंडळेही गमावलेल्या गावाला मदतीचा हक्क आहे. ती मदत मेहेरबानी नव्हे. पण मदतीने गावागावांतील विषमता कमी होते एवढेच. गावाच्या आतला जाब विचारण्याचा संबंध तिने निर्माण होत नाही. शासनाकडून आलेल्या पैशाचे काम बिघडले तर नगरसेवक शासनाकडे बोट दाखवितो, आणि नागरिकही निवेदन घेऊन मंत्र्याच्या दौऱ्याची वाट पाहतो. घरपट्टीच्या पैशाचे काम बिघडले तर बोट दाखविण्यास दुसरी जागाच उरत नाही. म्हणूनच रकमेने लहान असलेली घरपट्टी राजकीयदृष्ट्या नगरपरिषदेच्या जमेतील सर्वांत मोठी बाब आहे.

तेव्हा दोन गोष्टी व्हावयास हव्यात, आणि दोन्हींना नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मागणी-पावतीवर नगरपरिषदेचा कर आणि राज्याकडे जाणारा उपकर असे दोन स्वतंत्र रकाने ठळकपणे छापले जावेत आणि प्रत्येकाच्या खाली तो पैसा कोठे जातो ते एका ओळीत सांगितले जावे. आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी नगरपरिषदेच्या फलकावर तीनच आकडे लावावेत: गावाने घरपट्टीतून किती दिले, राज्याने भरपाई आणि वाट्यातून किती दिले, आणि मध्यवर्ती सरकारकडून किती आले. हे तीन आकडे शेजारी शेजारी वाचता आले म्हणजे फेरआकारणीचा वाद, शास्तीमाफीचा आग्रह आणि अनुदान रखडल्याची तक्रार यांपैकी कोणती कोणाच्या दारी न्यावयाची, हे देगलूरच्या करदात्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.